बांधलेली पानं

नागपंचमीच्या सकाळी सव्वासातला अन्नपूर्णाकाकूंचा फोन आला. काकू सहसा फोन करत नाहीत. माणूस समोर नसताना बोलायचं कसं, असा त्यांचा सवाल असतो. त्यामुळे नाव दिसलं तेव्हाच मी हातातला चहा खाली ठेवला.

"मॅडम, एरंडावर अंडे दिसून राह्यले. खूप पानायवर. आन आज पंचमी हाय."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

चूक माझी होती, हे मला तेवढ्यातच कळलं. मी अर्पिता, कृषी सहायक. उंद्री आणि आजूबाजूची चार गावं माझ्याकडे आहेत. काकूंच्या दोन एकर सोयाबीनभोवती एरंड लावायला मीच सांगितलं होतं आणि कोणत्या दिवशी काय करायचं त्याचा तक्ताही मीच करून दिला होता. त्या तक्त्यात वार होते, तारखा होत्या, सण नव्हते. संग्रामपूरच्या शेतकरी घरात वाढलेल्या पोरीने हे विसरावं! पंचमीला आमच्याकडेही विळी उघडत नाहीत, तवा ठेवत नाहीत, जमिनीला कुदळ लावत नाहीत. पान तोडायचं नाही, जिवाला हात लावायचा नाही. आणि माझं सगळं शास्त्र उभं होतं ते पान तोडण्यावर.

सोयाबीन फस्त करणारी जी अळी आहे, तिची आई म्हणजे मातकट रंगाचा एक पतंग. ही मादी अंधारात उडते, आणि अंडी घालायला झाड शोधते ते मुख्यतः वासावर. डोक्यावरच्या दोन बारीक मिशांनी ती वारा हुंगते. रस्त्याने जाताना कुणाच्या घरी भजी तळली जाताहेत हे जसं आपल्याला दार न उघडता कळतं, तसं तिला कोणतं झाड कुठे आहे ते कळतं. सोयाबीनचा वास तिला चालतो, पण एरंडाचा वास तिला फार आवडतो. वावराच्या कडेने एरंड असला की बऱ्याच माद्या तिथेच उतरतात, पानाच्या पाठीवर दोन-तीनशे अंड्यांचा पुंजका घालतात आणि आपल्याच अंगाची भुरी लव वर पसरून तो झाकतात. अंडी फुटायला तीन-चार दिवस लागतात. तेवढ्यात ते पान खुडून साबणाच्या पाण्यात बुडवलं की काम झालं. नाही खुडलं, तर राखणीला बसवलेला एरंडच चोरांचं घर होतो. अळ्या तिथे खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होतात आणि सोयाबीनमध्ये उतरतात.

बचतगटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. किड्याला नाक असतं म्हणे! कुणीतरी "एरंडाचं गुऱ्हाळ" असंही म्हणालं. काकू हसल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं नाक गावात प्रसिद्ध आहे. कुणाच्या लोणच्याला बुरशी धरली, हे त्या बरणीचं फडकं न सोडता सांगतात.

"ते पतंगीण सोता पान खाते का?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू. ती फक्त लेकरांसाठी पान निवडते."

"मंग तीबी मायच हाय," काकू म्हणाल्या. "तिचे तीनशे, माह्यं एक."

ते एक म्हणजे कुलदीप, तेवीस वर्षांचा. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी याच वावरात फवारणी करताना तो धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोसळला. वारा पडलेला, ऊन कडक, पाठीवरच्या पंपाचं झाकण गळकं. औषध पाठीवरून पार पायापर्यंत झिरपलं होतं. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. चिखलीहून बुलढाण्याला हलवलं. अकरा दिवस काकू त्याच्या उशाशी होत्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "पोराच्या घामाले त्या औषधाचा वास येत होता, मॅडम. तीन दिवस. माह्या पोराचा वासच गेला होता." पुढे दोन महिने त्याला वाचायला अंधुक दिसत होतं. पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण कुलदीप हट्टी. गावातली सगळी पोरं फवारा मारतात आणि आपण आईच्या पदराआड बसायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. काकूंनी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं होतं, की एरंडाने काम केलं तर यंदा पंप उचलायचा नाही. नाही केलं, तर तो उचलणार. पैज म्हणा की करार म्हणा, तो या पानांवर टेकला होता.

मी अर्ध्या तासात उंद्रीला पोचले. दोन दिवस झड लागून होती आणि त्यामुळे सोमवारची खुडणी हुकली होती. आज नेमकं ऊन पडलेलं. ऊब मिळाली की अंडी लवकर फुटतात. गाडी लावतानाच माझं डोकं तापलं होतं. आधी स्वतःवर, मग पावसावर, मग आणखी कुणावर राग काढावा ते कळेना.

अंगणात हिंमतराव, काकूंचे यजमान, बाजेवर बसले होते. समोर ताटात ज्वारीच्या लाह्या होत्या. बोलायला मृदू माणूस. मला बसायला सांगून त्यांनी आधीच विषय मिटवला.

"मॅडम, तुमी आल्या, बरं झालं. चहा घ्या. पण आज माह्या वावरात पान तुटनार नाही."

"काका, संध्याकाळपर्यंत अंडी फुटतील. उद्या खुडून उपयोग नाही."

"मले समजते."

"मग मी तोडते. मी काही तुमच्या घरची नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लहान मूल काहीबाही बोलतं तेव्हा पाहतात तसं.

"कडूदादाबी म्हशीसाठीच कापत होता, सोतासाठी नाही," ते म्हणाले. "कोण तोडते त्याचं काई नसते. वावर माह्यं हाय."

कडूबा हे त्यांचे थोरले भाऊ. बत्तीस वर्षांपूर्वी पंचमीला त्यांनी वारुळाजवळच्या धुऱ्यावरचा चारा कापला. त्याच रात्री झोपेत त्यांना मण्यार चावली. उजाडेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून या घरात पंचमीला तुळशीचं पानसुद्धा तोडत नाहीत. मी कॉलेजात कीटकशास्त्र शिकले आहे. मण्यार रात्री घरात शिरते, उंदरांमागे येते, चारा कापण्याशी तिचा संबंध नसतो, हे सगळं मला येतं. पण ज्याचा भाऊ गेला त्याच्यासमोर ते कसं बोलायचं, हे कुठल्या पुस्तकात दिलं होतं?

तेवढ्यात काकू गोठ्यातून आल्या. चेहरा पांढरा पडलेला.

"पंप खाली काहाडला त्यानं," त्या म्हणाल्या. "धुऊन ठेवला. बाटलीबी हाय, कडब्याच्या मागं. मले वास आला."

कुलदीप दारात येऊन उभा राहिला. त्याने लपवलं नाही.

"हाव, आणली. उद्या सकाळी मारतो. माय, सगळं वावर खाऊन जातीन अळ्या, तव्हा काय एरंड खाशीन?"

"दुसऱ्या कोणाले तरी सांगू मारायले," हिंमतराव हळूच म्हणाले.

"काऊन? दुसऱ्याच्या मायचा पोरगा फुकटचा हाय का?" काकू एकदम कडाडल्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

मग त्या बाजेच्या कडेला टेकल्या आणि कितीतरी वेळ लाह्यांच्या ताटाकडे पाहत राहिल्या. एक बाजू धरावी तर नवऱ्याचं जुनं दुःख, दुसरी धरावी तर पोराचा जीव. इकडे आड, तिकडे विहीर. मला त्यांची इतकी कणव आली, की हातातला तो तक्ता फाडून टाकावासा वाटला.

अचानक त्या उठल्या, आत गेल्या आणि एक भलंमोठं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. वाकळ शिवायला म्हणून वर्षभर जमवलेल्या सुती लुगड्यांच्या चिंध्या होत्या त्या. चौकोनी तुकडे वेगळे, काठाच्या लांब पट्ट्या वेगळ्या.

"पान तोडायचं नाही, जीव मारायचा नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बांधायचं नाही असं तं कोनी सांगतलं नाही ना?"

हिंमतरावांनी एवढंच विचारलं, "चिंध्या आज फाडल्या?"

"माघातल्या हाय. आज कात्रीले हात नाही लावला."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नुसतीच, ते मला कळलं नाही. आम्ही थांबलो नाही.

वावरात एकशे ऐंशी एरंड. काकूंची पद्धत सोपी होती. पान उलटायचं, पुंजका दिसला की पानावर चिंधी पिशवीसारखी चढवायची आणि देठाशी काठाची पट्टी घट्ट आवळायची. अंडी फुटली तरी अळ्या आतच राहतील. दुसऱ्या दिवशी पिशवीसकट पान खुडायचं. मी इतकी शिकलेली, मला हे सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर थोडा हेवाच वाटला.

वारुळाच्या पूजेला निघालेल्या बाया वाटेत थबकल्या. बैठकीत सगळ्यांत जास्त हसलेली छाया त्यांत होती. "काकू, एरंडाले लुगडं नेसवून राह्यल्या का?" ती म्हणाली. काकूंनी वर पाहिलं नाही. छायाने पुंजका पाहिला, काकूंची घाई पाहिली आणि दुधाची गडवी धुऱ्यावर ठेवून चिंध्या उचलल्या. मग आणखी तिघी आल्या.

ऊन वाढत होतं. लवेखाली अंडी काळपट पडत चालली होती. काळपट म्हणजे फुटायला आलेली. मी पान उलटायचे आणि आणखी एक पुंजका निघायचा. वीस झाली, तीस झाली. काकूंच्या ओठांवर एकच वाक्य होतं, "आणखी एक, आणखी एक." अकराच्या सुमारास कुलदीप आला आणि हाताची घडी घालून धुऱ्यावर उभा राहिला.

"माय, वावराले पट्ट्या बांधून दवाखाना काहाडला का? पोट्टे हसून राह्यले गावात."

काकू ताठ झाल्या. हातात अर्धवट बांधलेलं पान होतं.

"हसू दे," त्या म्हणाल्या. "तू दवाखान्यात होता तव्हा मी तुह्या कपाळाले नाक लावून बसत होती. तुहा वास येते का पाहत होती. तीन दिवस आला नाही. मले वाटलं, हे दुसरंच कोनी हाय, माह्यं पोरगं गेलं. मले भ्या वाटते रे, कुलदीप. सोयाबीनचं नाही. तुहं भ्या वाटते."

पोरगं मान खाली घालून उभं राहिलं. मग खाली उतरलं आणि चिंध्यांची टोपली उचलून आईच्या मागे चालू लागलं. बाटलीबद्दल मात्र एक शब्द बोललं नाही. उद्याचं काय, ते अजून तसंच लटकत होतं.

साडेबारापर्यंत त्रेपन्न पानं बांधून झाली. तीन बाजू संपल्या होत्या, चौथी जवळपास होत आली होती. मी पाठ सरळ करणार, तोच काकू थांबल्या. वारा वळला होता. त्यांनी नाक वर केलं.

"एरंड कुरतडला कोनीतरी."

"काकू, सगळीकडे एरंडच आहे."

"तसा नाही. अख्ख्या पानाचा वास येगळा, चावलेल्याचा येगळा." आणि त्या वाऱ्याच्या दिशेने चालत निघाल्या, थेट कोपऱ्यातल्या वारुळाकडे. त्या कोपऱ्यात घरचं कुणी फारसं जात नसे. मीही माझ्या पाहणीत तो कोपरा कायम लांबूनच बघायचे.

वारुळाला लागून, गवतात बुडालेला एक एरंड होता. त्याची वरची तीन पानं चाळणी झाली होती. नुसत्या शिरा आणि मधे पापुद्रा. त्या पापुद्र्यावर काळ्या डोक्यांच्या बारीक हिरव्या अळ्या, शेकड्यांनी, खेटून बसलेल्या. काही तर धाग्याला लोंबकळत होत्या आणि वाऱ्याबरोबर सोयाबीनच्या दिशेने हेलकावत होत्या. मधे हातभर अंतर.

काकूंनी चिंधी पुढे केली आणि मागे घेतली. पिशवी चढवायला गेलं की धक्क्याने सगळ्या सुटून पसरणार. पानं वाकवून पाण्यात बुडवावीत, तर तेही मारणंच. आता एकच उपाय होता, खाली बादली धरून तिन्ही पानं हलकेच तोडायची. आज. वारुळापाशी. ज्या धुऱ्यावर कडूबांनी चारा कापला होता, तिथेच.

छायाने तोंडावर हात धरला. काकूंचा हात पुढे गेला, देठापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"थांब."

मागे हिंमतराव उभे होते. अनवाणी, हातात वारुळासाठी आणलेली दुधाची वाटी. केव्हापासून उभे होते कोण जाणे. त्यांनी ती त्रेपन्न पिशव्यांची रांग पाहिली होती. बायको सकाळपासून त्यांचा शब्द न मोडता काय करत होती, तेही पाहिलं होतं.

त्यांनी दूध वारुळावर ओतलं. हात जोडले. मग कुलदीपला म्हणाले, "बादली आन. साबणाची."

"बाबा, मी तोडतो," कुलदीप म्हणाला.

"तू सरक तठून!" ते इतक्या जोरात ओरडले, की आम्ही सगळ्याच दचकलो. "तुहा हात लागू दिऊ नको. अन्नपूर्णे, तूबी सरक."

बादली झाडाखाली धरली. पहिलं पान तुटलं, ते हिंमतरावांनी अलगद पाण्यात सोडलं. दुसरं. तिसरं तोडायच्या आधी ते वारुळाकडे वळले आणि समोर माणूस बसला असावा तसं बोलले.

"दादा, सांग नागोबाले. हात माहा हाय. दोष माह्यावर. पोराले काई करू नको म्हन."

तिसरं पान तुटलं.

मग ते तिथेच खाली बसले. काकू त्यांच्या शेजारी बसल्या, खांद्याला खांदा लावून. कुलदीप घराकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात ती बाटली होती, सील न फोडलेली. त्याने ती माझ्या गाडीच्या डिकीत ठेवली. "घिऊन जा, मॅडम," एवढंच म्हणाला. मी बादलीत डोकावले. सगळ्या अळ्या तळाशी गेल्या होत्या. मी ही कामं रोज करते, पण त्या दिवशी मला त्या पाण्याकडे फार वेळ पाहवलं नाही.

बुधवारी उजाडता उजाडता मी पुन्हा गेले. काकू, छाया आणि कुलदीप पिशव्या खुडत होते. बहुतेक अंडी फुटली होती आणि अळ्या चिंधीत अडकून पडल्या होत्या. सोयाबीनमध्ये मी पंचवीस जागी पाहिलं. दोन-चार अळ्या सापडल्या, त्या हाताने वेचल्या. फवारणीची गरज नव्हती.

"हिंमतकाका कुठे आहेत?" मी विचारलं.

काकूंनी घराकडे बोट दाखवलं. मी तिकडे गेले. अंगणात कुलदीपच्या रिकाम्या खाटेशेजारी ते जमिनीवर बसले होते. मांडीवर काठी, बाजूला कंदिलाएवढी मोठी बॅटरी. डोळे लाल. रात्रभर ते असेच बसले होते, खाटेचे चारी पाय तपासत, अंथरुणाच्या कडा उचलून पाहत. पोरगं उठून वावरात गेलं तरी ते हलले नव्हते.

"काका, आता उजाडलं," मी म्हणाले. "थोडं पडा. रात्रभर कशाला जागलात?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मोकळ्या खाटेवरून एकदा हात फिरवला.

"दादाची खाट माह्या बाजूलेच होती, मॅडम," ते म्हणाले. "तव्हा मी झोपलो होतो."